डब्ल्यूगेटनं अख्खी साइट उतरवली, पण ऑफलाइन लिंका चालून नाही राहिल्या

मेळघाट_लिनक्स

नमस्कार मंडळी, धारणी तालुक्यातून लिहून राहिलो. गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत आम्ही अभ्यासिका चालवतो, पोट्टे-पोट्ट्या वनरक्षक, पोलीस भरती, तलाठी असा अभ्यास करतात. नेट म्हणाल त खोलीत एक कांडी येत नाही, झेडपी शाळेच्या स्लॅबवर चढलं की येते, तेही रात्री दहाच्या नंतर बरं चालते. म्हणून ठरवलं की सामान्य ज्ञानाच्या नोट्सची एक मराठी साइट आहे (वर्डप्रेसवाली, नाव नाही घेत), तीच अख्खी उतरवून खोलीतल्या लॅपटॉपवर टाकायची, म्हणजे पोरींना रात्री स्लॅबवर चढायचं काम नाही.

लॅपटॉप जुना, आय-थ्री, चार जीबी रॅम, लिनक्स मिंट टाकलेलं. बॅटरी मेलेली, चार्जर निघाला की बंद. कमांड दिली ती अशी: डब्ल्यूगेट (नेटवरून पानं उतरवायचा फुकट प्रोग्राम), मग मिरर (अख्खी साइट घे), कन्व्हर्ट लिंक्स (लिंका ऑफलाइन चालतील अशा बदल), पेज रिक्विझिट्स (पानाला लागणारे फोटो वगैरे बी घे) आणि शेवटी साइटचा पत्ता. फोनचं हॉटस्पॉट लावून रात्री चालू करून झोपतो.

आता भानगड अशी की फोल्डरात फाइली भरपूर येऊन राहिल्या, होमपेज उघडते, पण कोणत्याही लिंकवर क्लिक केलं की ब्राउझर सरळ नेटवर जाते आणि तिथं तो डायनासोर नाचते. काही फोटो बी दिसत नाहीत. वरून फोल्डर फुगतच चाललं, एकच पोस्ट दहा नावांनी दिसते, नावात रिप्लाय टू कॉम असं काहीतरी लिहिलेलं. पहाटे लाइन जातेच जाते, मग दुसऱ्या रात्री तीच कमांड पुन्हा मारतो त पानं पहिल्यापासून उतरवायला लागते. दीड जीबीचा डेटा पॅक आहे बाप्पा, दोन-तीन तासात खल्लास. काऊन होऊन राहिलं असं? कन्व्हर्ट लिंक्स दिलं तरी लिंका बदलत काऊन नाहीत?

चांदूर_टर्मिनल

भाऊ तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, पहाटे लाइन जाते ना, तिथंच घोळ आहे. डब्ल्यूगेट लिंका बदलायचं काम डाऊनलोड चालू असताना करतच नाही. सगळं उतरून झालं की एकदम शेवटी बसते आणि प्रत्येक पानात पाहते, हे पान माझ्याकडे आलं का, आलं असेल त लिंक डिस्कवरच्या फाइलकडे वळवते, नसेल आलं त नेटचा पूर्ण पत्ता ठेवते. शेवट येईपर्यंत त्याला माहीतच नसते कोणतं पान येणार आणि कोणतं नाही. म्हणून मधातच वीज गेली की हजार पानं उतरलेली असतील पण एकाचीही लिंक बदललेली नसते. एखादी एचटीएमएल फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा, सगळे पत्ते एचटीटीपीएस पासून सुरू होणारे दिसतील.

पुन्हा पहिल्यापासून उतरते त्याचं कारण वेगळं. मिरर दिलं की त्यात टाइमस्टॅम्पिंग आपोआप येते, म्हणजे सर्व्हरवरची फाइल नवी नसेल त सोडून देते. पण त्यासाठी सर्व्हरनं लास्ट मॉडिफाइड तारीख सांगायला पाहिजे. फोटो, पीडीएफ असल्या ठेवलेल्या फाइलींची तारीख बहुतेक येते, वर्डप्रेसची पानं मात्र मागितल्यावर तयार होतात, त्यांची तारीख सहसा येत नाही, म्हणून बिचारं ते पान दरवेळी नव्यानं ओढते. तुमचे फोटो दुसऱ्या रात्री पुन्हा उतरत नसतील पाहा, पानंच उतरत असतील.

(मोबाईलवरून लिहून राहिलो म्हणून ऑप्शन उच्चाराप्रमाणे लिहितो, टर्मिनलात इंग्रजी स्पेलिंग टाकजा, आधी दोन डॅश.)

आता करायचं काय. पहिलं म्हणजे अख्खी साइट एका दमात घेऊ नका, एकेक विभाग घ्या. इतिहासाचा विभाग एका रात्री, भूगोल दुसऱ्या. विभागाचा पत्ता द्या आणि नो पॅरेंट लावा, म्हणजे ते त्या फोल्डरच्या वर चढत नाही. दुसरं, क्वोटा नावाचा ऑप्शन आहे, त्यात एक जी लिहिलं की एक जीबी झाल्यावर डब्ल्यूगेट स्वतःहून थांबते, आणि याची गंमत अशी की असं थांबलं की जाता जाता लिंका बदलूनच जाते, कारण त्याच्या दृष्टीनं काम नीट संपलेलं असते. लाइट जाण्यात आणि क्वोटा संपण्यात एवढाच फरक, पण तुमच्यासाठी तोच कामाचा. फक्त दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा सुरू केलं त पानं पुन्हा ओढेल आणि त्याच पानांत क्वोटा संपेल, म्हणून विभाग लहान ठेवा.

रिप्लाय टू कॉम हे प्रत्येक कमेंटच्या रिप्लाय बटणाचे पत्ते आहेत, पान तेच असते. रिजेक्ट रेजेक्स (ज्या पत्त्यात दिलेले शब्द असतील ते सोडून द्यायचा ऑप्शन) मध्ये रिप्लायटूकॉम, शेअर, प्रिंट हे शब्द उभ्या रेघेनं जोडून टाका. साइटवर कॅलेंडरचा डबा असेल त तोही रिजेक्ट करा, प्रत्येक महिन्याचं आणि प्रत्येक दिवसाचं वेगळं पान निघते आणि त्यात डब्ल्यूगेट हरवून जाते.

आर्णीवाली_बाई

मी झेडपी शाळेत शिकवते, आमच्याकडेही नेटची हीच बोंब. एक विचारू का भाऊ, हीच साइट पाहिजे असं काही आहे का? कारण सामान्य ज्ञान म्हणाल तर मराठी विकिपीडिया आधीच तयार पॅक करून मिळतो, किविक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याची झिम फाइल उतरवायची, एकच फाइल असते, आत सगळे लेख आणि शोधायची सोय. इंग्रजी विकिपीडिया फोटोसकट घ्यायला गेलात तर १०० जीबीच्या आसपास जातो, मराठी त्यामानाने कितीतरी लहान आहे, आणि फोटो नसलेली फाइल घेतली तर अजूनच हलकी. एकच फाइल असल्यामुळे तुमची ती लाइन जाण्याची कटकटही नाही, डब्ल्यूगेटला डॅश सी दिलं की जिथं थांबलं तिथून पुढं सुरू होतं. टोरंटनेही मिळते.

आणि हो, विकिपीडियावर कोणी डब्ल्यूगेट लावू नका कृपया. त्यांच्या रोबोट्स डॉट टीएक्सटी मध्ये (कोणत्या प्रोग्रामनं साइटवरून काय घेऊ नये ते सांगणारी फाइल) डब्ल्यूगेटला नाव घेऊन मनाई आहे, डेटाचे डंप, म्हणजे सगळ्या लेखांच्या तयार फाइली, त्यांनी आधीच ठेवलेले आहेत मग पान पान ओढायचं कशाला.

आमच्या शाळेत एका जुन्या लॅपटॉपवर किविक्स सर्व्ह चालू ठेवते, मुलं फोनचं वायफाय त्याला जोडतात आणि ब्राउझरमध्ये उघडतात. सातवीतल्या एका पोरीनं परवा वैनगंगा शोधली, तिथून वर्धा, तिथून प्राणहिता, तिथून गोदावरी असं करत करत राजमहेंद्रीपर्यंत गेली, तास संपला तरी उठेना.

खामगाव_होस्टिंग

मी दुसऱ्या बाजूनं बोलतो, माझी स्वतःची शेतीची लहानशी साइट आहे, शेअर्ड होस्टिंगवर. मागं कोणीतरी असंच मिरर लावलं, ना वेट ना काही, धडाधड पानं मागत सुटलं आणि माझी साइट दुपारभर बसली, होस्टिंगवाल्यांचा मेल वेगळा. पंगतीत एकानंच बुंदीचं घमेलं ओढून बसल्यासारखं आहे ते. तुमचा हेतू चांगला आहे भाऊ, राग नाही, पण वेट लावा. वेट दोन आणि रँडम वेट, म्हणजे दोन पानांच्या मधात एक ते तीन सेकंद थांबते, रँडम वेट दिलेल्या आकड्याच्या अर्ध्यापासून दीडपटीपर्यंत कमीजास्त करते. तीन हजार पानं असली तरी थांबण्याचे सहा हजार सेकंद, म्हणजे पावणेदोन तास धरा, तुम्ही तसंही झोपलेलेच असता. लिमिट रेट २०० के, म्हणजे सेकंदाला २०० केबी, लावून ठेवा.

रोबोट्स डॉट टीएक्सटी डब्ल्यूगेट स्वतःहून पाळते, ते बंद करायचा ऑप्शन कुठं ना कुठं वाचायला मिळेल, तो वापरू नका असं माझं म्हणणं. ही पद्धत १९९४ पासून चालत आली आहे, २०२२ मध्ये तिचा रीतसर आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) निघाला, पण पाळायची की नाही ते शेवटी मागणाऱ्याच्याच हातात आहे.

आणि अख्खी साइट कशाला? वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून, साइटमॅप (साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी) आतच येतो. पत्त्यापुढं डब्ल्यूपी डॅश साइटमॅप डॉट एक्सएमएल लावून पाहा. त्यातले पत्ते एका टेक्स्ट फाइलीत काढा, पोरांच्या कामाचे तेवढे ठेवा, बाकी उडवा, आणि डब्ल्यूगेटला डॅश आय देऊन ती फाइल द्या, सोबत पेज रिक्विझिट्स आणि कन्व्हर्ट लिंक्स, मिरर काढून टाका. ना कॅलेंडर ना रिप्लाय टू कॉम, जेवढं मागितलं तेवढंच येते. माझं मत विचाराल त नव्वद टक्के लोकांना मिररची गरजच नसते, पण कमांड गुगलवर पहिली दिसते म्हणून सगळे तीच मारतात.

साइटवाल्याला एक मेल टाकून द्या. गावच्या अभ्यासिकेसाठी म्हटलं त नाही कोण म्हणते, एखादे वेळी तो सरळ पीडीएफच पाठवून देईल.

मेळघाट_लिनक्स

सगळ्यांना धन्यवाद, लिंका शेवटी बदलतात हे मला कुठंच दिसलं नव्हतं. बाई, किविक्सचं आजच पाहतो, पण भरतीचे मागचे पेपर आणि त्यांची स्पष्टीकरणं विकिपीडियावर भेटत नाहीत म्हणून ही साइट पाहिजेच. खामगाववाले दादा, वेट लावतो, मेल बी टाकतो.

एक सांगा, आता जे उतरलं आहे त्यात पाच जीबी डेटा गेला आहे, ते फेकून द्यायचं जिवावर येऊन राहिलं. त्याच फाइलींतल्या लिंका नेटशिवाय बदलता येतील का?

चांदूर_टर्मिनल

येतील, पण थोडा जुगाड आहे. आधी फोल्डरची कॉपी करून ठेवा. मग फाइंड कमांडनं सगळ्या एचटीएमएल फाइली शोधून सेड डॅश आय नं (फाइलीतला मजकूर जागच्या जागी बदलणारी कमांड) साइटचा पत्ता जिथं जिथं आहे तिथं रिकामं करून टाका. म्हणजे एचटीटीपीएस पासून डॉट कॉम पर्यंतचा भाग उडवायचा, पुढची तिरपी रेघ राहू द्यायची. सेडमध्ये वेगळं करायला तिरप्या रेघेऐवजी हॅशचं चिन्ह वापरजा, नाही त पत्त्यातल्या रेघांनी डोकं फिरते. काही लिंका नुसत्या एचटीटीपीच्या असतील, काहींत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असेल, त्या पण पाहून घ्या.

आता लिंक तिरप्या रेघेपासून सुरू होते, त्यामुळं फाइलवर डबल क्लिक करून उघडली त चालणार नाही, डिस्कच्या मुळाशी जाऊन शोधेल. पण त्या फोल्डरात टर्मिनल उघडून पायथन थ्री, डॅश एम, एचटीटीपी डॉट सर्व्हर, ८००० एवढं टाकलं की तो फोल्डरच साइट होऊन जाते. वर्डप्रेसच्या पोस्टचा पत्ता बहुतेक तिरप्या रेघेनं संपते, डब्ल्यूगेटनं त्याचा फोल्डर करून आत इंडेक्स डॉट एचटीएमएल ठेवलेलं असते आणि पायथनवाला सर्व्हर फोल्डर मागितला की आतलं इंडेक्स देते, म्हणून सगळं बरोबर जुळते. पोरांचे फोन लॅपटॉपच्या हॉटस्पॉटला जोडा, ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी, मग कोलन ८०००. बाई किविक्सनं करून राहिल्या तेच, फक्त साइट तुमची. नेट लागत नाही, सिमही नाही.

न दिसणारे फोटो बहुतेक दुसऱ्या डोमेनवर असतील. जेटपॅक नावाचं वर्डप्रेसचं प्लगइन लावलेल्या साइटींचे फोटो आय-झिरो डॉट डब्ल्यूपी डॉट कॉम असल्या पत्त्यावरून येतात आणि डब्ल्यूगेट दुसऱ्या घरात पाय ठेवत नाही. स्पॅन होस्ट्स (दुसऱ्या डोमेनवरही जा) द्या, पण त्याच्यासोबत डोमेन्स मध्ये फक्त तुमच्या साइटचं आणि त्या फोटोवाल्या पत्त्याचं अशी दोनच नावं लिहा, नाही त फेसबुकपासून सगळं इंटरनेट ओढायला निघेल लेकाचं.

एटापल्ली_फोनवाला

लॅपटॉपची बॅटरी मेली म्हणता, मग फोनवरच लावा ना. टर्मक्स टाका (फोनवर लिनक्ससारखं टर्मिनल देणारं ॲप, एफ-ड्रॉइड नावाच्या ॲप स्टोअरवरून घ्या), पॅकेज इन्स्टॉल करून डब्ल्यूगेट येते, टर्मक्स सेटअप स्टोरेज केलं की फाइली फोनच्या मेमरीत ठेवता येतात. टर्मक्स वेक लॉक लावा नाही त स्क्रीन बंद झाली की अँड्रॉइड त्याला झोपवते. आमच्या इकडं गडचिरोलीत लाइन दोन-दोन दिवस नसते पण फोन पॉवर बँकवर रात्र काढते. अडचण एकच, लाइन लंबी गेली की टॉवरची बॅटरी बी बसते, तिथं टर्मक्स बी काही करू शकत नाही 😄

एचटीट्रॅक (साइट उतरवायचा दुसरा प्रोग्राम) पण पाहून ठेवा. ते लिंका जागच्या जागी बदलत जाते, शेवटाची वाट पाहत नाही, आणि आपला कॅश फोल्डर ठेवते, मधात बंद पडलं की कंटिन्यू देऊन पुढं नेता येते. तुमच्या लाइनीच्या हिशोबानं मला तेच बरं वाटते. विंडोजवर त्याचं बटणंवालं रूप आहे, लिनक्समिंटवर कमांडनं चालते.

मेळघाट_लिनक्स

सेडवाला जुगाड चालला! काल अभ्यासिकेत पाच-सहा फोन जोडून पाहिले, मस्त उघडून राहिलं. होमच्या लिंकचा घोळ झाला, शेवटी तिरपी रेघ नव्हती म्हणून रिकामी लिंक झाली आणि क्लिक केलं की तेच पान पुन्हा येते. चालते, होमवर जायचं कोणाले आहे.

आता दुसरं दुखणं. काही पोस्टच्या पत्त्यात मराठी आहे आणि त्यांच्या फाइलीची नावं अर्धी मराठी अर्धी टक्क्याची चिन्हं अशी विचित्र झाली, आणि पेन ड्राइव्हवर कॉपी करायला गेलो त निम्म्या फाइली घेत नाही. शेजारच्या गावच्या अभ्यासिकेलाही द्यायचं आहे म्हणून पेन ड्राइव्ह पाहिजे.

चांदूर_टर्मिनल

दोन वेगळी कारणं आहेत. मराठीतलं एक अक्षर यूटीएफ-८ (कॉम्प्युटरची अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये तीन बाइटचं असते, मात्रा-वेलांटीही वेगळी मोजली जाते. डब्ल्यूगेट नावात १२८ ते १५९ मधले बाइट दिसले की त्यांना कंट्रोल कॅरेक्टर समजून टक्के लावते. आपल्या अक्षरांचा तिसरा बाइट कधी त्या पट्ट्यात पडते कधी नाही, म्हणून अर्धं नाव नीट, अर्धं तुटलेलं. रिस्ट्रिक्ट फाइल नेम्स मध्ये नोकंट्रोल लिहिलं की नाव साफ येते.

पेन ड्राइव्ह घेत नाही कारण तो फॅट-३२ मध्ये (फॉरमॅटचा जुना प्रकार) फॉरमॅट केलेला असेल, त्याला नावात प्रश्नचिन्ह, कोलन चालत नाही. त्याच ऑप्शनमध्ये स्वल्पविराम देऊन विंडोज पण लिहा, मग प्रश्नचिन्हाच्या जागी ॲट येते. हे नवीन डाऊनलोडसाठी. आता आहे ते द्यायचं असेल त फोल्डरची टार फाइल (सगळं एकाच फाइलीत बांधलेलं) करून द्या, आतली नावं जशीच्या तशी राहतील, तिकडच्या लिनक्सवर उघडली की झालं.

आणि लई लांब मथळ्याची पोस्ट आली आणि डब्ल्यूगेटनं नाव फार लंबं आहे म्हणून रडगाणं गायलं त घाबरू नका, लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि टक्केवाल्या रूपात आपलं एक अक्षर नऊ जागा खाते, तीस अक्षरांचा मथळा म्हणजे २७० झाले. नोकंट्रोलनं तेही बरंच कमी होते.

कापूस_अकोट

मधात घुसतो माफ करा. मला साइट नाही पाहिजे, फक्त पीडीएफ पाहिजे. अकोल्याचं कृषी विद्यापीठ, नागपूरची कापूस संशोधन संस्था असल्या ठिकाणचे गुलाबी बोंडअळीचे, फवारणीचे पीडीएफ वडिलांना फोनवर टाकून द्यायचे आहेत. एकेक क्लिक करून कंटाळलो.

खामगाव_होस्टिंग

ज्या पानावर पीडीएफच्या लिंका आहेत तो पत्ता द्या, रिकर्सिव्ह, लेव्हल एक, नो पॅरेंट लावू नका (पीडीएफ बहुतेक दुसऱ्या फोल्डरात असतात), ॲक्सेप्ट मध्ये पीडीएफ लिहा. नो डिरेक्टरीज दिलं की सगळे पीडीएफ एकाच फोल्डरात पडतात. मधात एचटीएमएल पान उतरताना दिसेल, लिंका वाचायला ते घ्यावंच लागते, वाचून झालं की स्वतःच पुसते. वेट विसरू नका.

एकही पीडीएफ नाही आला त आधी ब्राउझरात कंट्रोल यू दाबून पानाचा सोर्स पाहा आणि त्यात पीडीएफ शब्द शोधा. सापडला नाही त ती यादी जावास्क्रिप्टनं मागाहून भरली जाते, डब्ल्यूगेट जावास्क्रिप्ट चालवत नाही, तिथं कितीही ऑप्शन बदलले तरी उपयोग नाही.

आर्णीवाली_बाई

मेळघाटवाले भाऊ, एक राहिलंच. झिम फाइल पेन ड्राइव्हवर टाकणार असाल आणि ती चार जीबीच्या वर असेल तर फॅट-३२ वर बसणारच नाही, ड्राइव्ह एक्सफॅट करून घ्या. त्याच्या आधी त्यातलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा, फॉरमॅट झाला की जातं. आणि शेजारच्या अभ्यासिकेला साइट देताना त्या साइटवाल्याचं नाव-पत्ता पानांवर राहू द्या, मेलचं उत्तर आलं का त्याचं?

मेळघाट_लिनक्स

आलं बाई, काल रात्री स्लॅबवर चढलो तेव्हा दिसलं. वापरा म्हणाला, विकू नका म्हणाला, आणि मागच्या पेपरांची झिप फाइल पाठवतो म्हणते. ३०० एमबीची आहे, आज डॅश सी लावून घेतो.